टोन गळतो कुठे? इलेक्ट्रिक गिटारवाल्यांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळच्या पत्रांमध्ये एक वाक्य इतक्यांदा आलंय की आता ते पाठ झालं: "आवाज पूर्वीसारखा मोकळा नाही, कोणतं पेडल घेऊ?" पेडल (पायाने दाबून आवाज बदलायचा डबा) कोणतं घ्यायचं ते बघू. पण वर्कबेंचवर गिटार आली की मी आधी हातातलं एकेक सामान काढत जातो, आणि बरेचदा गिऱ्हाइकाला काही विकत न घेताच घरी जावं लागतं. धंद्याला हे बरं नाही, पण असो.

प्रश्न (नाशिक): माझ्या बोर्डावर सहा पेडल आहेत, सगळी ट्रू बायपास. सगळी बंद असली तरी अँपवर घोंगडी टाकल्यासारखा आवाज येतो. गिटार थेट अँपला लावली की लख्ख. ट्रू बायपास म्हणजे टोन शाबूत ना? इक्वलायझर घेऊन ट्रेबल वाढवू का?

ट्रू बायपासचा अर्थ एवढाच की पेडल बंद असताना त्याचं सर्किट वाटेतून बाजूला होतं. वायर कुठे बाजूला होते? गिटारपासून बोर्डापर्यंत ६ मीटर, बोर्डापासून अँपपर्यंत ६ मीटर, मधल्या छोट्या पॅच केबल मिळून दीड मीटर धरा. म्हणजे तुमचं पिकअप, तारांखालचं ते चुंबक आणि कॉइल, साडेतेरा मीटर केबल एकट्याने ओढतंय.

गिटारच्या साध्या केबलची कपॅसिटन्स (वीज साठवून धरायची क्षमता) मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या आसपास असते. सिंगल कॉइल पिकअपची कॉइल साधारण अडीच हेन्रीची. या दोघांचं मिळून एक रेझोनन्स तयार होतं: एका ठरावीक फ्रीक्वेन्सीवर आवाजाला उंचवटा येतो आणि त्याच्या वरचं सगळं झपाट्याने उतरतं. पिकअपची स्वतःची १०० पिकोफॅरड धरून हिशेब केला, तर ३ मीटर केबलला हा उंचवटा सुमारे ५००० हर्ट्झवर येतो, ६ मीटरला ३८०० वर, आणि तुमच्या साडेतेरा मीटरला २६०० वर. पिकाचा टणत्कार, कॉर्ड वाजवल्यावर तारा सुट्या-सुट्या ऐकू येणं, हे सगळं त्याच्या वर राहतं. चहाच्या गाळणीत जसा चोथा अडकतो तसं ते केबलमध्येच अडकून बसतं.

आता इक्वलायझरचं. गाळून गेलेलं नंतर वर उचलायला गेलात की त्याच्याबरोबर पेडलांची आणि अँपची सळसळही उचलली जाते. शिवाय मूळ उंचवटा जिथे होता तिथे तो परत येत नाही, दुसरीकडेच एक नवा डोंगर उभा राहतो. इक्वलायझर वाईट नाही, पण ते आवाज घडवायला वापरायचं. गळती बुजवायचं काम त्याचं नाही.

तुम्हाला हवा बफर. आत एक फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) किंवा साधा ऑप-अँप (तयार अँप्लिफायर चिप) असतो. आवाज वाढवत नाही, रंग देत नाही. गिटारकडून बघितलं तर तो १ मेगओमचा, म्हणजे जवळजवळ ओझंच नाही. केबलकडून बघितलं तर हजार ओमच्याही आतला, म्हणजे पुढची दहा-बारा मीटर केबल त्याला जाणवतही नाही. बोर्डावर पहिल्या जागी लावा. पिकअपला मग फक्त गिटार ते बोर्ड एवढीच केबल ओढायची राहते, आणि तेवढी तर थेट अँपला लावल्यावरही असतेच.

वेगळा घेण्याआधी घरातच शोधा. बॉस कंपनीच्या छोट्या पेडलांमध्ये बफर असतोच, पेडल बंद असतानाही तो वाटेत असतो. तुमच्याकडे किंवा मित्राकडे त्यांचा ट्यूनर असेल तर तो एक रात्र पहिल्या जागी लावून बघा. ट्रू बायपासच्या नादात लोकांनी ही पेडलं काढून विकली आणि नंतर तेवढ्याच पैशांत वेगळा बफर घेतला. त्यातले दोघे-तिघे माझ्याकडेच आले होते.

एक खूण सांगतो, निदान पक्कं होईल. सहापैकी कोणतंही एक पेडल चालू केल्याबरोबर आवाज एकदम उघडतो का? उघडत असेल तर दोष केबलच्या ओझ्याचाच. कारण चालू पेडलचं आउटपुट बहुधा बफरचंच काम करतं.

प्रश्न (सांगली): ऑर्केस्ट्रात वाजवतो. गायक सुरू झाला की मी गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली घेतो. आवाज कमी होतो तो ठीक, पण तो गढूळ का होतो? गिटार दोन हंबकरची आहे.

गाण्यामागे वाजवणाऱ्याला हा त्रास सगळ्यात जास्त, कारण दुसऱ्या कुणाला नॉब सतत फिरवावा लागत नाही.

हंबकरला, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपला, बहुधा ५०० किलोओमचा पॉट, म्हणजे नॉबखालचा फिरता रेझिस्टर, असतो. नॉब १० वरून थोडा खाली आणला की पॉटचा रेझिस्टन्स पिकअप आणि केबलच्या मध्ये येऊन उभा राहतो. पॉट विद्युतदृष्ट्या मध्यावर आला की तो सगळ्यात जास्त, सुमारे १२५ किलोओम. ६ मीटर केबलबरोबर त्याचा हिशेब केला तर २१०० हर्ट्झच्या वरचं उतरायला लागतं. आणि ऑडिओ टेपरच्या, म्हणजे कानाच्या चालीने वाढणाऱ्या, पॉटमध्ये हा मध्य नॉबवर पाचवर येत नाही, सात-आठच्या आसपास येतो. म्हणून तर पहिल्या दोन-तीन घरांतच ट्रेबल जातो.

उपाय चहाच्या पैशांत होतो. व्हॉल्यूम पॉटला तीन पाय असतात. पिकअपची वायर येते तो एक बाजूचा पाय आणि मधला पाय, या दोघांमध्ये १००० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० किलोओमचा रेझिस्टर जोडायचा. याला ट्रेबल ब्लीड म्हणतात. नॉब खाली आला तरी वरच्या फ्रीक्वेन्सी या आडवाटेने निसटून जातात. दुकानात "एक हजार पिको" म्हणालात तर मिळेलच, पण हातात घेऊन त्यावर १०२ छापलंय ना ते बघा. ६८१ असेल तर तो ६८० पिकोचा, तोही चालेल, परिणाम जरा सौम्य. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असले तुकडे मूठभर मिळतात. सांगलीत टीव्ही दुरुस्तीवाल्याच्या डब्यातही सापडतील.

नुसता कपॅसिटर लावून मोकळे होऊ नका. रेझिस्टर नसला तर नॉब दोन-तीनवर आल्यावर आवाज पत्र्याच्या डब्यासारखा पातळ होतो. उलट रेझिस्टरमुळे नॉबची चाल थोडी बदलते, ती दोन दिवसांत बोटांच्या अंगवळणी पडते.

सोल्डरिंग स्वतः करणार असाल तर: तारा सैल करून पिकगार्ड किंवा मागचं झाकण उघडा, आधी मोबाइलवर फोटो काढा, मगच सोल्डरिंग आयर्न तापवा. कपॅसिटरचे पाय मोठे ठेवलेत तर ते शेजारच्या धातूला टेकतात आणि गिटार मुकी होते. त्यांवर वायरीचं सोललेलं प्लास्टिक चढवा. पॉटच्या पायावर आयर्न तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, आतला कार्बनचा पट्टा भाजतो.

काहीच विकत न घेता जमणारा आणखी एक मार्ग आहे. टोन पॉटची वायर व्हॉल्यूमच्या बाजूच्या पायावरून काढून मधल्या पायावर लावायची. १९५० च्या दशकातल्या लेस पॉल गिटारमध्ये अशी जोडणी असायची, म्हणून तिला फिफ्टीज वायरिंग म्हणतात. ट्रेबल बऱ्यापैकी टिकतो, फक्त दोन्ही नॉब एकमेकांवर थोडा परिणाम करायला लागतात. मला स्वतःला हीच आवडते.

प्रश्न (नागपूर): जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ (आवाज फाटका करणारं पेडल) घेतला, घरी सकाळी स्वर्ग! मे महिन्यात एका ओपन एअर कार्यक्रमात संध्याकाळी पाचला लावला तर आवाज तुटक, गुदमरलेला. शिवाय आधी बफर लावला की तो कर्कश होतो. पेडल खराब निघालं का?

पेडल धडधाकट आहे. तुमच्या गावचं ऊन खराब आहे.

जर्मेनियम ट्रान्झिस्टर बंद असला तरी त्यातून थोडा करंट पाझरतोच, आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की हा पाझर साधारण दुप्पट होतो. सकाळी २५ अंशांना जे होतं ते ४५ ला चौपट. १९६६ साली लंडनमध्ये आलेल्या फझ फेस या पेडलच्या घराण्यातला फझ असेल, तर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर नावाच्या पायावर बॅटरीच्या निम्मा, म्हणजे साडेचार व्होल्ट असावा लागतो. उन्हात तो सरकतो आणि आवाज घशातच अडकतो. लंडनवाल्यांना ही चिंता नव्हती.

आत बायसचा, म्हणजे तो व्होल्ट जागेवर आणायचा, छोटा ट्रिमपॉट असेल तर कार्यक्रमाच्या जागी, कार्यक्रमाच्या वेळच्या गरमीत कानाने लावून घ्या. नसेल तर बसवून घेता येतो. माझ्या ओळखीचा एक वादक फझ कोल्ड्रिंकच्या बर्फाच्या पेटीत ठेवायचा आणि एंट्रीच्या आधी काढायचा. दोन कार्यक्रम छान गेले, तिसऱ्याला पेडलच्या आत दव साचलं. तुम्ही तसं करू नका. विदर्भात उन्हाळी कार्यक्रम नेहमीचे असतील तर सरळ सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा फझ घ्या. जरा तिखट असतो, पण वेळेला धावून येतो.

बफरचं म्हणाल तर या एका पेडलपुढे वर नाशिकला सांगितलेलं सगळं उलटं करा. असल्या फझचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा अडथळा) अगदी थोडा, काही किलोओमच. गिटारचं पिकअप त्याला सर्किटचाच एक भाग म्हणून हवं असतं. मध्ये बफर आला की हा संबंध तुटतो, आवाज किरकिरा होतो, आणि गिटारचा व्हॉल्यूम खाली घेऊन आवाज साफ करण्याची जी गंमत आहे ती जाते. तेव्हा गिटार, मग फझ, मग बफर, मग बाकीची वरात.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी. जर्मेनियम फझ पुष्कळदा पीएनपी जातीच्या ट्रान्झिस्टरचे असतात, त्यात बॅटरीचं धन टोक ग्राउंडला असतं. असा फझ बाकीच्या पेडलांबरोबर एकाच अडॅप्टरच्या माळेत जोडलात तर अडॅप्टर शॉर्ट होतो. त्याला वेगळी बॅटरी द्या.

प्रश्न (डोंबिवली): घरी वाजवताना सतत घुंऽऽ असा आवाज. नॉइज गेट घेतला, वाजवणं थांबवलं की शांत होतं, पण सूर धरला की घुं परत. पैसे पाण्यात गेले का?

गेट म्हणजे दार. तुम्ही वाजवायला लागलात की ते उघडतं आणि सुराबरोबर पाहुणेही आत येतात. गोंगाट काढून टाकायचं काम त्याचं नाहीच. आधी पाहुणा कोण ते ओळखू.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. गिटारच्या जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला जो जी (G) सूर वाजतो तो ९८ हर्ट्झचा. तुमची घुं त्या सुराच्या एक सप्तक खाली लागत असेल तर ती ५० हर्ट्झची आहे. पिकअप थेट ट्रान्सफॉर्मर किंवा घरातल्या वायरिंगमधून ती ओढतंय, किंवा दोन उपकरणांच्या ग्राउंड वायरींचा वेढा, म्हणजे ग्राउंड लूप, झालाय. त्या जीच्या जवळपासच लागत असेल तर १०० हर्ट्झ, तेव्हा संशय पेडलांच्या अडॅप्टरवर घ्या. फिल्टर कच्चा असला की हा सूर निघतो.

आता गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर घ्या. घुं गेली? मग ती पिकअपमधून येतेय. खुर्चीवर बसल्याबसल्या गोल फिरा. एका दिशेला ती एकदम कमी होईल, सिंगल कॉइलचं हे हमखास लक्षण. याच दुखण्यावर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी हंबकर काढला, १९५५ साली पेटंटचा अर्ज केला. उलट दिशेच्या दोन कॉइल, सूर एकमेकांत मिसळतो आणि घुं एकमेकांना खाते.

घुंपेक्षा आवाज करवतीसारखा, झझझ असा असेल तर वर बघा. पंख्याचा रेग्युलेटर कसला आहे? पायऱ्या नसलेला, गोल सरकत फिरणारा असेल तर आत ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. तो विजेची लाट दर फेऱ्यात कापतो आणि ती करवत पिकअप ऐकतं. पंखा पूर्ण वेगावर करा किंवा बंद करा, फरक लगेच कळेल. टक्-टक् पायऱ्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवून घेतलात तर हा त्रास जवळजवळ संपतो. डोंबिवलीत पंखा बंद ठेवून वाजवा असं मी कुणाला सांगणार नाही.

आणि व्हॉल्यूम शून्यावर असूनही घुं राहिली तर पेडलांची वीज तपासा. एकाच अडॅप्टरच्या माळेत डिजिटल डिले आणि डिस्टॉर्शन एकत्र असतील तर डिलेची कुजबूज डिस्टॉर्शन मोठी करून सांगतं. प्रत्येक आउटपुट वेगळा केलेला, म्हणजे आयसोलेटेड पॉवर सप्लाय हा त्यावरचा इलाज. महाग असतो खरा, पण बोर्डावर सगळ्यात आधी घ्यायची वस्तू तीच. घेताना प्रत्येक पेडलची मिलिअँपची बेरीज करा. साधं ॲनालॉग पेडल पाच ते वीस मिलिअँपमध्ये भागवतं, मोठी डिजिटल पेडलं तीनशेही मागतात. नऊ व्होल्टच्या बहुतेक पेडलांना मधली पिन ऋण लागते. खोक्यावरचं ते छोटं चित्र बघितल्याशिवाय पिन घालू नका.

प्रश्न (पंढरपूर): गणपतीत मंडपात वाजवताना माइकला ओठ लागला की झटका बसतो. साउंडवाला म्हणतो, अँपच्या प्लगची मोठी पिन काढून टाका. काढू का?

नाही. त्याने स्वतः काढून दिली तरी नाही.

तुमच्या गिटारच्या तारा ब्रिजमधून ग्राउंडला जोडलेल्या असतात, आणि ते ग्राउंड अँपमधून अर्थिंगला जातं. माइकची जाळी मिक्सरमधून तिच्या अर्थिंगला. दोन्हीकडचं अर्थिंग नीट असेल तर फरक शून्य. एकीकडे अर्थिंग नसेल तर बोटं आणि ओठ यांच्यामधून तुम्हीच वायर होता. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीत स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी असाच मंचावर मरण पावला, माइकला हात लागून. तोही अर्थिंगचाच घोळ होता. पिन काढल्यावर घुं कमी होते हे खरं आहे, म्हणूनच हा सल्ला इतका पसरतो.

मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक तारेला, एक माइकच्या जाळीला. एक-दोन व्होल्ट आले तर ठीक. पन्नास-शंभर दिसले तर वाजवायचं नाही. मंडळाच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा, अँप आणि मिक्सर विजेच्या एकाच बोर्डावरून घ्या, त्या बोर्डाला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का विचारा. घुं काढायची असेल तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरकडे नेणारा मधला डबा) लावून त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते फक्त सिग्नलचं ग्राउंड तोडतं, जीव सांभाळणाऱ्या अर्थिंगला हात लावत नाही.

प्रश्न (मडगाव): गिटारच्या आतच प्रीअँप (सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट) बसवायचा विचार आहे. एरिक क्लॅप्टनच्या गिटारमध्ये असतो तसा. करावं का?

१९८८ साली फेंडर कंपनीने क्लॅप्टनच्या नावाची स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर गिटार) काढली. तिच्यात मिड-बूस्टचं सर्किट आहे, पूर्ण उघडलं की २५ डेसिबल, म्हणजे मधल्या पट्टीत जवळजवळ अठरा पट व्होल्टेज. सिंगल कॉइलची गिटार हातातल्या हातात हंबकरसारखी जाड होते. गिटारवाल्याला बोर्डाकडे न वाकता हे करता येणं ही मोठी सोय आहे, आणि केबल कितीही लांब असली तरी फरक पडत नाही.

पण बॅटरी ठेवायला जागा लागते. जुन्या, चांगल्या लाकडाची गिटार असेल तर कोरू नका. नवी, मधल्या किमतीची असेल तर बिनधास्त. जॅक स्टिरिओ घ्या आणि बॅटरीची ऋण वायर त्याच्या मधल्या पत्तीला जोडा, केबल काढली की बॅटरी आपोआप बंद. याचाच अर्थ रात्री केबल लावून ठेवलीत की बॅटरी पहाटेपर्यंत राबते. चिपही बघून घ्या: टीएल०७२ असेल तर सुमारे ३ मिलिअँप खाते, म्हणजे अल्कलाइन बॅटरी दीड-दोनशे तासांत संपते. टीएल०६२ अर्ध्या मिलिअँपच्या आत भागवते, ती हजार तास सहज काढते.

नुसता बफर आत बसवणाऱ्यांची एक तक्रार असते की आवाज काचेसारखा टोचतो. साहजिक आहे, पिकअपवरून केबलचं ओझंच उतरलं. बफरच्या आधी, सिग्नल आणि ग्राउंडच्या मध्ये ४७० पिकोफॅरडचा कपॅसिटर टाका. ती झाली पावणेपाच मीटरची खोटी केबल. कानाला जे सवयीचं आहे ते परत येतं.

प्रश्न (रत्नागिरी): जून लागला की सगळे नॉब खरखरतात.

कॉन्टॅक्ट क्लीनर, तोही पॉटसाठीचा, आत वंगण असलेला. पॉटच्या पायांजवळच्या फटीतून एक फवारा, मग नॉब तीस-चाळीस वेळा पूर्ण फिरवा. दाराच्या बिजागरीला मारतात तो स्प्रे नको, त्याचा चिकटा राहतो. जॅकचं टोक जुन्या सुती कापडाने पुसा. गिटार पेटीत ठेवत असाल तर सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर तापवून घ्या. पुडी कापडी असेल तर. प्लास्टिकची असेल तर घरचे तवा तुमच्याच हातात देतील.

प्रश्न (पुणे): चुलतभावाने न्यू जर्सीहून पेडल आणलं, सोबत अडॅप्टरही. लावताच अडॅप्टरमधून धूर. पेडल गेलं का?

बहुधा नाही. अडॅप्टर १२० व्होल्टचा होता, तुम्ही त्याला २३० दिलेत. पेडलला हवेत ते नऊ व्होल्ट इथे आणि तिथे सारखेच. नऊ व्होल्टची बॅटरी लावून बघा. वाजलं तर इथला अडॅप्टर घ्या, फक्त त्याआधी पेडलच्या पाठीवर नऊ व्होल्ट डीसी लिहिलंय की एसी ते वाचा. काही जुन्या डिलेंना खरोखरच एसी लागतो.